पुरुषोत्तम की फिरोदिया?

पुण्यात कॉलेजला असताना या दोन्ही आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धा केल्या, म्हणून बोलतोय. पुरुषोत्तम करंडक 1963 पासूनचा, फिरोदिया 1974 पासूनचा. पुरुषोत्तम म्हणजे एकांकिका: लेखन, दिग्दर्शन, अभिनय. झगमगाटाला तिथे भाव नाही. 2022 मध्ये तर एकही एकांकिका तोडीची वाटली नाही म्हणून मानाचा करंडक कुणालाच मिळाला नाही. अशा ठिकाणी ‘काय हातवारे करतोयस, वाक्य बोल’ हे सीनियरचं ओरडणं आयुष्यभर पुरतं.

फिरोदियात मात्र जत्रा. नाटक चालू असतानाच एका कोपऱ्यात कुणी रांगोळी काढतंय, कुणी कॅनव्हास रंगवतंय, मागे तबला आणि ड्रम्स एकत्र. आमचा चित्रकार चित्र उलटं काढायचा. शेवटच्या सीनला कॅनव्हास फिरवला की चेहरा दिसायचा. एका तालमीत रंगाचा डबा थेट तबल्यावर सांडला आणि तबलजी दोन दिवस बोलला नाही. (चूक माझीच होती.)

नट व्हायचं असेल तर पुरुषोत्तम, डोळे झाकून. पण मेकॅनिकलची, कधी स्टेजवर न चढलेली, बासरी वाजवणारी मुलगी मला भेटली ती फिरोदियाच्या तालमीत.