ल्विव्हची समर इंटर्नशिप, २०१९: रूमला दोन स्टार, बडीला जेवढे असतील तेवढे

सहा वर्षं उशिरा रिव्ह्यू टाकतेय, हसू नका. कॉलेजातली एक ज्युनिअर परवा तिसऱ्यांदा विचारत होती की ताई परदेशातली इंटर्नशिप घेऊ का, फी भरू का, फसवतील का, आणि दर वेळी तिला व्हॉइस नोट पाठवून पाठवून माझा घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून मोकळी होते. संस्थेचं नाव देत नाही. ती विद्यार्थ्यांनीच चालवलेली होती, तेव्हाची पोरं आता तिथं असणारच नाहीत, उगाच नंतरच्यांवर खापर कशाला. आणि ल्विव्ह आहे युक्रेनमध्ये, तिथं युद्धामुळं फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानंच उतरत नाहीत, त्यामुळं हे वाचून कुणी लगेच बॅग भरायला घेऊ नका.

तर मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला, पुण्यात, मूळची कराडची. डील असं होतं: सहा आठवडे, शाळकरी पोरांच्या उन्हाळी शिबिरात इंग्रजी बोलायचं, आपल्या देशाबद्दल सांगायचं, पगार शून्य. त्यांच्याकडून राहायची सोय, दुपारचं एक जेवण, एअरपोर्टवर घ्यायला माणूस आणि एक बडी, म्हणजे आपल्या सोबतीला दिलेलं तिथलंच कुणीतरी. आपल्याकडून फी, वर ५० डॉलर डिपॉझिट, जे जाताना परत मिळणार होतं. हे डिपॉझिट लक्षात ठेवा.

मुंबई ते इस्तंबूल, इस्तंबूल ते ल्विव्ह. घ्यायला येणारा माणूस आला नाही. म्हणजे आला, पण रेल्वे स्टेशनवर गेला, कारण त्याच्या यादीत मी कीव्हहून ट्रेननं येणार असं लिहिलेलं. मी एअरपोर्टच्या बाकावर बसून आईला मेसेज करतेय की हो पोचले, सगळं छान आहे, आणि इकडं डोळ्यात पाणी. तासाभरानं एक पोरगी पावसात भिजलेली धावत आली, मिठी मारली, माझ्या पाठीवरची सॅक ओढून घेतली आणि पहिलं वाक्य काय, तर 'तू काही खाल्लंस का?' ही माझी बडी. यादीतली गडबड तिची नव्हतीच, तिला कुणीतरी फोन केला तशी ती घरातून उठून आली होती.

पुढचा झटका रस्त्यांचा. जुन्या ल्विव्हमध्ये सगळीकडं दगडी फरशी, ब्रुकिव्का म्हणतात, फोटोत भयंकर सुंदर दिसते, पण २३ किलोची बॅग ओढत न्या म्हणजे कळेल. एक चाक तिथंच गेलं. उरलेले सहा आठवडे आणि परतीचा प्रवास मी तीन चाकांवर काढला. जाणाऱ्याला माझा सल्ला, यजमान संस्थेला पत्र लिहून विचारा की रस्ते कसे आहेत, मग बॅग घ्या.

हॉस्टेल. त्याला हुर्तोझितोक म्हणतात, हा शब्द बोलायला यायलाच मला आठवडा लागला. कॉलेजचंच हॉस्टेल, उन्हाळ्यात रिकामं, म्हणून आम्हाला दिलेलं. गाद्यांची स्प्रिंग पाठीत टोचते, चार जणींना एक रूम, खाली दारात बसलेल्या बाई अकरानंतर आत घेताना असं बघायच्या की जणू मी बँक लुटून आलेय. हे सगळं चालतं हो, पण गरम पाणी नाही. तिकडं गरम पाणी बऱ्याच ठिकाणी सेंट्रल लाइननं येतं आणि उन्हाळ्यात पाइपांच्या दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद ठेवतात, तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही, पातेल्यात तापवून घेतात. पण आम्हाला आधी सांगा ना! कागदावर छापलं होतं 'सर्व सुविधा'. ब्राझीलची पोरगी पहिल्या दिवशी शॉवरखाली जी ओरडली ती मजल्यावर सगळ्यांनी ऐकली. रूमचे दोन स्टार इथंच गेले.

तिसऱ्या दिवशी अधिकृत स्वागत. नक्षीचा गोल मोठा ब्रेड, त्याच्या मधोमध मिठाची वाटी, खाली भरतकाम केलेला लांब टॉवेल, भरतकामाचेच शर्ट घातलेल्या दोन पोरी. आपण ओवाळतो ना, तसंच. ब्रेडचा छोटासा तुकडा मोडून मिठाला जेमतेम लावायचा असतो. हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यातल्या तुर्कीच्या मुलानं वडापावएवढा तुकडा तोडून मिठात दाबून बुडवला आणि खाताना त्याचं तोंड जे झालं, तो फोटो ग्रुपवर अजून फिरतो. मग भाषणं, मग झेंड्यांसोबत फोटो, मग आम्हाला सोडून सगळे गायब. तीन स्टार. ब्रेड चांगला होता.

खरं स्वागत नंतर सुरू झालं आणि ते कुठल्याही टाइमटेबलमध्ये नव्हतं.

बडीनं पहिल्यांदा काय केलं, तर मला मार्शरुत्कात बसवलं. मार्शरुत्का म्हणजे मिनीबस, आमच्याकडचं वडापच (शेअर जीप), फक्त जरा मोठं. मागच्या दारानं चढलात तर पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, तो त्याच्या पुढच्याला, असे माणसांच्या हातातून ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुट्टे तसेच माघारी येतात, एक ह्रिव्निया इकडचा तिकडं होत नाही. ट्रामचं वेगळं, तेव्हा ड्रायव्हरकडून चिठोरं घ्यायचं आणि खांबावरच्या लोखंडी पंचमध्ये घालून आपणच भोक पाडायचं. भोक नसेल तर चेकर दंड करायचा. तिनं मला हे सगळं एकदा करून दाखवलं आणि दुसऱ्या वेळी मुद्दाम लांब उभी राहून बघत बसली की मला जमतंय का. माझ्या सख्ख्या मावशीनं मला पुण्यात पीएमटीत असं शिकवलं नव्हतं.

मग भाषा. युक्रेनियनमध्ये हो म्हणजे 'ताक'. फोनवर बोलताना लोक 'ताक, ताक, ताक' करत असतात आणि मला कराडच्या उन्हाळ्यातली आजी आठवायची. बाईंना मान देऊन हाक मारायची तर 'पानी'. शाळेतलं संस्कृत पहिल्यांदा कामाला आलं: दोनला द्वा, तीनला त्री, आणि मांसाला म्यासो. मी शुद्ध शाकाहारी, त्यामुळं बडीनं मला नमस्कार-धन्यवादाच्या आधी घोकून घेतलं ते 'बेझ म्यासा', म्हणजे मांस नको. त्यातही मेख आहे. वारेनिकी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या समजा, ऑर्डर बरोब्बर बेझ म्यासा, आणि वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे भुरभुरून आणतात, कारण ती त्यांच्या लेखी कोथिंबीर! बोर्शचंही तेच, बीटाचं लालभडक सूप दिसतं, पण खाली रस्सा हाडांचा. शेवटी मी तळ ठोकला पुझाता खाता नावाच्या सेल्फ सर्व्हिस खानावळीत. ट्रे घ्यायचा, बोट दाखवायचं, बघून घ्यायचं. नावाचा अर्थ ढेरपोटी झोपडी. देरुनी मिळतात, किसलेल्या बटाट्याचे, आपल्या उपवासाच्या थालीपिठाचे चुलत भाऊ, वर घट्ट आंबट साय. पाच स्टार, आणि बिल तेव्हा खिशाला अजिबात लागलं नाही.

शहराबद्दल सगळं लिहीत बसले तर दिवस जाईल. जुना भाग १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मधोमध प्लोश्चा रिनोक, म्हणजे बाजारचौक, भोवतीनं ४४ जुनी घरं, चार कोपऱ्यांत चार कारंजी, मध्ये टाउन हॉलचा ६५ मीटरचा मनोरा, चढा, गुडघे शिव्या देतील पण चढा. पोलंड, मग १७७२ पासून ऑस्ट्रिया, मग परत पोलंड, मग सोव्हिएत, एकाच गावाची ल्वुव, लेम्बर्ग, ल्वोव्ह अशी नावं होऊन गेली, बडी म्हणायची की आमच्या पणजीनं घर न बदलता देश बदलले. चौकाच्या एका घराखाली कॉफीची 'खाण' आहे, हेल्मेट घालून तळघरात जायचं, साखरेवर बर्नर मारून कॉफी देतात. टुरिस्टांसाठीचं नाटक आहे, तरी मी दोनदा गेले. ऑपेरा हाऊस १९०० सालचं, आणि ते चक्क नदीवर बांधलंय, पोल्त्वा नदी शहराच्या पोटातून झाकून नेलीय. वरच्या गॅलरीचं तिकीट आपल्याकडच्या नाटकाच्या बाल्कनीपेक्षा स्वस्त पडलं. बडी गणिताची, त्यामुळं तिनं मला ऑपेराच्या आधी एका कॉफीहाऊसच्या दारात नेलं, १९३० च्या दशकात बानाख नावाचा गणितज्ञ आणि त्याचे दोस्त तिथं बसून संगमरवरी टेबलांवर गणितं मांडायचे, नंतर त्यासाठी एक वही ठेवली. १९३६ मध्ये त्यांच्यातल्याच माझुरनं एका गणितावर जिवंत हंसाचं बक्षीस लावलं होतं, ते १९७२ साली एका स्वीडिश पोरानं सोडवलं आणि त्याला खरंच जिवंत पक्षी दिला. इंजिनिअरिंगच्या गणितात, एम-थ्रीला, केटी लागलेल्या (म्हणजे नापास) माणसाला ही गोष्ट सांगणं म्हणजे छळ आहे, पण ती इतक्या प्रेमानं सांगत होती की मी ऐकली.

शिबिराचं काम? ठीक. पोरं गोड होती, सहा आठवड्यांच्या ऐवजी काम चारच आठवडे निघालं, बाकी दोन आठवडे 'तुम्ही शहर बघा' सांगितलं. फी मात्र सहाची. पोरांना मी लंगडी शिकवली, त्यांनी मला ६ जुलैच्या रात्री इवाना कुपाला दाखवला, गवताफुलांचे मुकुट करून मेणबत्तीसकट पाण्यात सोडायचे आणि आगीवरून उड्या. होळी आणि दिवे सोडणं एकाच रात्री उरकलं असं समजा.

आता मुख्य. हॉस्टेलमध्ये तिसऱ्या आठवड्यात मला ताप भरला, गार पाण्याची आंघोळ आणि रोजचा पाऊस (ल्विव्हचा पाऊस प्रसिद्ध आहे, मी कोयनेच्या पट्ट्यातली म्हणून मिजाशीत छत्री नेली नव्हती). संस्थेच्या ग्रुपवर 'गेट वेल सून' आणि फुलांचे स्टिकर आले. बडी आली, काही न बोलता माझी तीनचाकी बॅग भरली आणि ट्रामनं सिखिवला तिच्या आजीकडं घेऊन गेली. सिखिव म्हणजे सोव्हिएत काळातल्या उंच चाळींचा भाग, पोस्टकार्डवर येत नाही. जाताना मी हट्टानं फुलं घेतली, चार गुलाब. बडीनं जिन्यात त्यातलं एक ओढून काढलं. सम संख्येत फुलं तिकडं फक्त मयताला नेतात! दारातच चपला काढायला लावून घरातल्या मऊ सपाता दिल्या, कापत्सी, आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं, कारण बूट घालून स्वयंपाकघरात फिरणारी माणसं मला तोपर्यंत फार दिसली होती.

आजी, म्हणजे पानी, त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मला युक्रेनियनचे पंचवीस. गॅलरीत बरण्यांची रांग, काकडीचं लोणचं, टोमॅटो, चेरी, माझी आत्या बघून खूश झाली असती. रासबेरीच्या मुरांब्याचा चहा दर दोन तासांनी, नको म्हटलं की त्या 'ताक, ताक' म्हणत अजून ओतायच्या. हाडांच्या रश्श्याशिवायचा बोर्श त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केला असावा, चाखून स्वतःच तोंड वाकडं केलं आणि मला तीन वाट्या वाढल्या. मी उरलेले तीन आठवडे तिथंच राहिले. पैसे विचारले तर रागावल्या. निघायच्या दिवशी बॅगा दारात, टॅक्सी खाली हॉर्न मारतेय, आणि सगळे एकदम खाली बसले, मलाही बसवलं, कुणी बोलेना. प्रवासाला निघण्याआधी मिनिटभर गप्प बसायची त्यांची रीत आहे. आपल्यात 'जाते' नाही म्हणत, 'येते' म्हणतात, ते बडीला इंग्रजीतून सांगितलं, तिनं आजीला सांगितलं. आजींनी मान हलवली, जणू त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

डिपॉझिट? ऑफिसला कुलूप, मेलवर 'प्रोसेसमध्ये आहे'.

इथं रिव्ह्यू संपायला हवा होता. पण मार्च २०२२ मध्ये आमच्या कराडच्या शेजाऱ्यांचा मुलगा खार्किव्हला मेडिकलला होता, तो आणि त्याच्याबरोबरचे तिघं ट्रेनमध्ये उभं राहून ल्विव्हपर्यंत पोचले, पुढं पोलंडची हद्द, कुठून बस, काय, काही कळेना, फोनची बॅटरी चार टक्के. त्याच्या आईनं मला रात्री उठवलं. मी बडीला फक्त कोच आणि प्लॅटफॉर्म लिहून पाठवलं. वर्षभरात आमचं बोलणंही झालं नव्हतं. रात्री कर्फ्यू होता. पहाटे कर्फ्यू उठल्या उठल्या ती स्टेशनवर, त्या हजारोंच्या गर्दीत चार मराठी पोरं शोधत. तिच्या शहरात तेव्हा रिनोकच्या कारंज्यांचे पुतळे कापडात गुंडाळून ठेवत होते, तिचा भाऊ भरती व्हायला गेला होता, हे मला फार नंतर कळलं. त्यांना चहा दिला, पॉवर बँक दिली, मराठीत काय म्हणतात ते विचारून 'चला' म्हणाली आणि पोलंडच्या हद्दीवरच्या शेहिनीच्या बसमध्ये बसवून, ड्रायव्हरशी भांडून, मगच परत गेली.

पोरगा सांगत होता की तिनं पिशवीतून चीज-टोमॅटोची सँडविच काढली आणि दर सँडविच देताना बजावून सांगत होती, 'बेझ म्यासा, बेझ म्यासा'. चौघंही चिकन खाणारे. कुणी काही बोललं नाही.

डिपॉझिट अजून आलेलं नाही.