गृहभेटीला काय न्यायचं: रजिस्टर की मोबाइल, साबण की सॅनिटायझर?

आरोग्य उपकेंद्रावर नव्याने रुजू झालेल्या सिस्टर नोंदींचं वेगळं विचारतात, हात धुण्याचं वेगळं. घरात मात्र दोन्ही एकाच हाताने होतं: बाळाचं वजन घेतलं, त्याच हाताने पेन धरला, मोबाइल चाळला आणि परत बाळाची नाळ पाहिली. निवड करताना हे आधी डोळ्यांसमोर आणा.

रजिस्टरला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही. पण ते पुसता येत नाही. एका घरी बाजेवर, दुसऱ्या घरी जमिनीवर टेकतं आणि तसंच बाळंतिणीच्या अंथरुणाशी पोचतं. शिवाय उघड्या पानावरून शेजारणीला कळतं, गल्लीत क्षयाच्या गोळ्या कुणाला चालू आहेत ते.

मोबाइल ७० टक्के अल्कोहोलने पुसता येतो, लॉक करता येतो. पण किनवटकडच्या एखाद्या तांड्यावर रेंज गेली, ॲपमध्ये ऑफलाइन भरलं आणि पुढे सिंक करायचं राहिलं, तर ती नोंद ना कागदावर, ना पोर्टलवर.

म्हणून मी म्हणेन, दोन्ही पिशवीतच ठेवा. घरात फक्त खिशातली लहान वही काढा: तारीख, वेळ, कुटुंब क्रमांक, वजन, ताप, मिनिटाला श्वास किती. नाव नको. आकडा हात स्वच्छ करून तिथल्या तिथे लिहायचा; संध्याकाळी आठवून लिहिलेली सगळी बाळं अडीच किलोची निघतात! रजिस्टर आणि ॲप त्याच दिवशी उपकेंद्रावर भरा. काम दुप्पट होतं, खरंय. उतरवताना २.४ चे ४.२ही होतात, म्हणून वहीचं पान फाडू नका. चूक एका रेघेने खोडून सही करा, व्हाइटनर नको.

हातांचं उत्तर सोपं आहे. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळला की झालं, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात. वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात तांब्याभर पाणी मागणंही जिवावर येतं. तेव्हा रोजच्या तपासणीला सॅनिटायझर, निदान ६० टक्के अल्कोहोलचा. मात्र हाताला रक्त, पू, शी लागली किंवा घरात जुलाबाचा रुग्ण असला, तर साबणच. पाण्याची बाटली आपली न्या. पुसायला घरातला टॉवेल घेऊ नका, हात वाऱ्यावर सुकू द्या. सॅनिटायझरची बाटली उन्हातल्या स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, तो पेट घेणारा पदार्थ आहे.

आणि सकाळी आधी नवजात बाळाचं घर करा. जखमेचं ड्रेसिंग, खोकल्याचा रुग्ण शेवटी.