'हार्वेस्ट होम': काही महिन्यांनी दुसऱ्यांदा वाचल्यावर

संथ आहे, हे आधीच सांगून टाकतो. थॉमस ट्रायॉनची 'हार्वेस्ट होम' (१९७३) ही कादंबरी हातात घेऊन पहिल्या शंभर पानांतच अंगावर काटा येईल म्हणून वाट बघत बसलात, तर पुस्तक मिटून ठेवाल. मी काही महिन्यांपूर्वी ती वाचून संपवली, मग ती डोक्यात घोळत राहिली, म्हणून आता पुन्हा वाचली. शेवट ठाऊक असताना ती जास्त भीतिदायक वाटते. थ्रिलरच्या बाबतीत असं क्वचितच होतं. एरवी गुपित कळलं की पुस्तक रद्दीत.

नेड कॉन्स्टन्टाइन न्यूयॉर्कमधली जाहिरातीची नोकरी सोडतो आणि चित्रं काढत जगायचं म्हणून बायको बेथ आणि मुलगी केट यांना घेऊन कनेटिकटमधल्या कॉर्नवॉल कूम या आडगावात येतो. गाव मक्यावर जगतं. शेती जुन्या वळणाची, सण जुने, आणि 'आमच्याकडे असंच असतं' या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. झाडपाल्याची औषधं देणारी, बाळंतपणं करणारी विडो फॉर्च्युन ही म्हातारी गावाचा खरा आधार. केटला दमा आहे. म्हातारी तिला जिवावरच्या प्रसंगातून वाचवते, आणि तिथून हे घर तिचं मिंधं होतं. मला विचाराल तर सगळी कादंबरी या मिंधेपणावर उभी आहे. धमकी कुणी देत नाही. जो तो काहीतरी मदतच करत असतो, आणि उपकार करणाऱ्याला जाब विचारायचा कसा, हे नेडला कळत नाही. आपल्यालाही कळत नाही.

गावाजवळच्या जंगलाचं नाव सोक्सेस लोन्सम. सोक्स घराण्यातली मंडळी तिथे चोरून दारू गाळतात आणि परक्याला फिरकू देत नाहीत. पहिल्या वाचनात सगळा संशय तिकडेच जातो. जॅक स्टम्प नावाचा फेरीवाला आहे, तोंडाची टकळी सतत चालू. त्याचे जे हाल होतात त्याचं खापर सोक्स लोकांवर फुटतं आणि आपण बिनदिक्कत मान डोलावतो. दुसऱ्यांदा वाचताना मी फक्त कोण कुणाकडे बोट दाखवतंय तेवढं बघत गेलो. ट्रायॉनने काही लपवलेलं नाही, सगळं समोरच मांडून ठेवलंय. शेजारचा आंधळा रॉबर्ट डॉडच बघा. सभ्य माणूस, ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकत बसतो, बायको मॅगी त्याचं सगळं बघते. पहिल्यांदा हे घर सुखी वाटलं होतं. दुसऱ्या वेळी तो पानावर आला की मी वाचनाचा वेग वाढवत होतो.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. जत्रेची आणि घरगुती बैठकांची वर्णनं मध्येच इतकी लांबतात की जीव कंटाळतो. नेड हुशार म्हणवतो, पण बाई दिसली की त्याची अक्कल गहाण पडते. आणि गावातली सत्ता बायकांच्या हाती आहे, एवढ्याच गोष्टीला लेखक जितका घाबरतो तितकं आज घाबरता येत नाही. ती त्या काळातल्या पुरुषाची भीती आहे. तरी विडो फॉर्च्युन या सगळ्याला पुरून उरते. तिला राक्षसीण करून टाकणं सोपं होतं. ती मात्र शेवटपर्यंत प्रेमळच राहते, आणि तेच सहन होत नाही.

ट्रायॉन मुळात अभिनेता. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरच्या 'द कार्डिनल' (१९६३) या चित्रपटाचा तो नायक होता. संवादांत ते जाणवतं: बोलणारा काय गाळतोय, ते ऐकू येतं.

रक्तपात हवा असेल तर इथे येऊ नका, तो थोडाच आहे आणि उशिरा आहे. हिच्यावरची १९७८ ची दूरचित्रवाणी मालिका बघायची असेल तर पुस्तकानंतर बघा. तिथे म्हातारीच्या भूमिकेत बेटी डेव्हिस आहे, हॉलिवूडची कपटी, भीतिदायक बायका रंगवण्यात गाजलेली नटी, आणि बेटी डेव्हिसवर संशय न घेता बसणं कुणाला जमणार?