सात जहाजं आणि आठवा कंदील

स्टुअर्ट टर्टनची ‘द डेव्हिल अँड द डार्क वॉटर’ (२०२०) ही रहस्यकादंबरी घडते १६३४ साली, बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) ॲमस्टरडॅमला निघालेल्या ‘सारडाम’ जहाजावर. धक्क्यावर एक कुष्ठरोगी जहाजाला शाप देतो आणि पेट घेतो. मग कळतं, त्याला जीभच नव्हती! ताफ्यात सात जहाजं, पण रात्री कंदील दिसतात आठ.

रचनेतली खरी करामत वेगळीच. नामांकित गुप्तहेर सॅम्युएल पिप्स स्वतःच बेड्यांत, तळाच्या कोठडीत. त्यामुळे तपास येतो त्याचा अंगरक्षक अरेंट आणि गव्हर्नर जनरलची बायको सारा यांच्यावर. ‘भूत की माणूस’ हा पेच शेवटपर्यंत ताणलेला राहतो, कारण प्रत्येक चमत्काराला दोन्ही खुलासे चालतात.

इतिहास मात्र जपून घ्या. त्या साली बटाव्हियाचा खरा गव्हर्नर जनरल होता हेंड्रिक ब्राउवर. कादंबरीतला गव्हर्नर जनरल यान हान काल्पनिक आहे. बायकांची भाषाही सतराव्या शतकाची वाटत नाही. मधला भाग रेंगाळतो, आणि उलगड्यात इतके धागे एकदम जुळतात की थोडी ओढाताण जाणवते. पात्रं भरपूर आहेत. सुरुवातीची प्रवासी-यादी हाताशी ठेवा.