किरणोपचार विभागातील सात आठवडे: एका रुग्णाचा अभिप्राय

घशाच्या कर्करोगासाठी मी एका मोठ्या रुग्णालयाच्या रेडिओथेरपी विभागात सात आठवड्यांत 35 वेळा किरणोपचार घेतले. यंत्र आणि ते चालवणारे तंत्रज्ञ यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की रुग्णाला जे आधी कळायला हवे, ते इथे बहुतेक वेळा उशिरा कळते.

सर्वांत महाग पडला तो दातांचा विषय. किरणांमुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नंतर दात काढल्यास जखम लवकर न भरण्याचा, प्रसंगी हाडच निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून तोंड व घशाच्या रुग्णाने उपचारापूर्वीच दंतवैद्याकडे जाणे आवश्यक असते. मला हे, उपचारावेळी डोके-मान स्थिर ठेवणारा मुखवटा तयार झाल्यावर सांगण्यात आले. एक दाढ काढावी लागली, जखम भरेपर्यंत थांबावे लागले आणि मुखवटा व किरणांच्या नियोजनासाठीचा सीटी स्कॅन पुन्हा करावे लागले. पहिल्याच भेटीत दोन वाक्ये सांगितली असती, तर हे सगळे टळले असते.

मुखवट्याचे काम मात्र त्यांनी उत्तम केले. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लॅस्टिकची शीट चेहऱ्यावर ताणून बसवतात. ती ओल्या, कोमट फडक्यासारखी लागते आणि काही मिनिटांतच टणक होते. मान रोज त्याच जागी, अगदी मिलिमीटरच्या हिशेबाने राहावी यासाठी हा खटाटोप असतो. घाबरलेल्या मला तंत्रज्ञ म्हणाले, ‘काका, आम्ही बाहेरून कॅमेऱ्यात बघतोय; गुदमरल्यासारखं वाटलं तर फक्त हात वर करा, लगेच आत येतो.’ दुसऱ्या आठवड्यात मी खरोखरच हात वर केला, आणि ते खरोखरच लगेच आले.

आपल्याकडे या उपचाराला सर्रास ‘शेक’ म्हणतात, पण त्या वेळी ना चटका बसतो, ना काही दुखते. टेबलावरची दहा-पंधरा मिनिटे मुख्यतः जागा तपासण्यात जातात. प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच सुरू असतात. बाहेरून दिलेल्या या किरणांमुळे शरीर किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे घरी जाऊन नातवाला उचलून घ्यायला हरकत नसते. शरीरात किरणोत्सारी स्रोत ठेवून केलेल्या उपचाराचे नियम वेगळे असतात. ते डॉक्टरांनाच विचारावेत.

पहिले दोन आठवडे काहीच न झाल्याने मी निर्धास्त होतो. तिसऱ्या आठवड्यात तोंड कोरडे पडले, चव गेली, आतून सोलवटल्यासारखे झाले आणि गिळणे नकोसे झाले. वजन घटल्याने मुखवटा सैल पडला व नियोजन पुन्हा करावे लागले, म्हणून आहारतज्ज्ञांची भेट पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. मानेची त्वचा काळवंडली. ब्लेडने दाढी करणे बंद केले आणि विचारल्याशिवाय कोणतेही मलम लावले नाही. उपचार संपल्यावरचे दहा दिवस सर्वांत कठीण गेले, आणि नेमके याविषयी मला कोणी बजावले नव्हते.

मधे दोन दिवस यंत्र बंद होते आणि ते प्रतीक्षागृहात पोहोचल्यावरच कळले. एक फोन करणे अशक्य होते का? शनिवार-रविवारची सुट्टी नियोजनातच धरलेली असते, पण असा अनपेक्षित खंड पडला तर घशाच्या कर्करोगात उरलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो. मी विचारल्यावर डॉक्टरांनी पुढे दोन दिवस, किमान सहा तासांच्या अंतराने, दिवसातून दोनदा उपचार देऊन ती तूट भरून काढली. न विचारता हे झाले असते की नाही, याची मला शंका आहे.

तंत्रज्ञांना मी पैकीच्या पैकी गुण देईन, माहिती देण्याच्या व्यवस्थेला निम्मेच. शेवटच्या दिवशी मिळालेल्या कार्डावर पेट (PET) स्कॅनची, म्हणजे कर्करोग उरला आहे का हे पाहणाऱ्या तपासणीची, तारीख बारा आठवड्यांनंतरची होती, कारण त्याआधी किरणांमुळे आलेली सूज फसवू शकते. मधल्या काळात त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा, हे मात्र कार्डावर कुठेच नव्हते. तो क्रमांक परिचारिकेने माझ्या विनंतीवरून मागच्या बाजूला पेनाने लिहून दिला.