बॅटरीचा रिपोर्ट शंभर टक्के, बॅटरी मात्र जुनीच

रिफर्बिश्ड, म्हणजे जुन्या, दुरुस्त करून विकलेल्या लॅपटॉपची आतली बॅटरी बदलून झाली की दुकानदार स्क्रीन आपल्याकडे वळवतो. ‘बघा काका, हेल्थ शंभर टक्के, सायकल काउंट शून्य.’ सायकल काउंट म्हणजे बॅटरी किती वेळा भरून उतरली त्याचा आकडा. तो रिपोर्ट बघून पैसे मोजू नका. मला गंडवलं ते त्याच रिपोर्टने.

भाचीच्या कॉलेजसाठी डेलचा लॅटिट्यूड ७४९० घेतला होता. २०१८ सालचं मॉडेल, कुठल्यातरी कंपनीतून निघालेला माल, पण मशीन दणकट. फक्त टचपॅड एका बाजूने वर आला होता, म्हणजे आत बॅटरी फुगली होती. अशी बॅटरी ताबडतोब बदलावीच लागते. पुण्यातल्या एका दुकानात विचारलं. ‘कॉम्पॅटिबल सोळाशे, ओरिजिनल अठ्ठावीसशे.’ ओरिजिनल टाकायला सांगितली. लेबल चकचकीत, पार्ट नंबर बरोबर, वर होलोग्रामसुद्धा. रिपोर्टमध्ये डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ६०,००० मिलिवॉट-तास आणि फुल चार्ज कपॅसिटी (आज उरलेली क्षमता) हीसुद्धा नेमकी ६०,०००. जुनी बॅटरी मी काही म्हणायच्या आत काउंटरखाली गेली.

आठवडाभरात भाचीचा फोन. ‘मामा, ४३ टक्के दाखवत होता आणि धाडकन बंदच पडला.’ विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ टाइप करून पुन्हा रिपोर्ट काढला. फुल चार्ज कपॅसिटी ३१,०००च्या घरात! नवी बॅटरी आठवड्यात निम्मी होत नसते.

यामागची मेख एका जुन्या टेक्निशियनने उलगडून सांगितली. लॅपटॉपच्या बॅटरीत सेलबरोबर एक छोटं सर्किट असतं. किती चार्ज शिल्लक आहे, क्षमता किती उरली, किती सायकल झाल्या, हा सगळा हिशेब त्यातली चिप ठेवते. विंडोज चिप सांगेल तेच छापतं. गाडीचं मीटर मागे फिरवावं तशी ती चिप रिसेट करतात. त्यावर नवं काळं वेष्टन, नवं लेबल, की जुने सेल कागदोपत्री नवे. पण बॅटरी एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरली की चिपला खरी क्षमता कळते आणि आकडा कोसळतो. तोवर आपण घरी पोचलेलो असतो आणि दुकानदाराने पैसे गल्ल्यात टाकलेले असतात.

त्यामुळे खरी परीक्षा घड्याळाची. पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, साधं काम करत लॅपटॉप बंद पडेपर्यंत वापरा. साध्या कामाला असं मशीन साधारण आठ-दहा वॉट खातं, म्हणजे ६० वॉट-तासांची बॅटरी सहा तासांच्या आसपास टिकायला हवी. भाचीचा लॅपटॉप तीन तासही टिकत नव्हता. दुकानात एवढा वेळ कोणी थांबू देत नाही, म्हणूनच बिल महत्त्वाचं. मला मिळालेल्या चिठ्ठीवर नुसतं ‘लॅपटॉप रिपेअर’. पक्कं बिल मागितलं तर ‘१८ टक्के जीएसटी वाढेल’ हे ठरलेलं उत्तर. वाढू द्या. बिलावर बॅटरीचा सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. लेबलवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघता येतो. माझ्या बॅटरीवरचा क्रमांक कुठल्यातरी मोबाइल चार्जरवाल्या कंपनीचा निघाला. आणि जुनी बॅटरी दुकानात सोडू नका. फुगलेली असेल तर घरातही ठेवू नका, स्वतः ई-कचरा केंद्रात नेऊन द्या.

दुकानदाराचं पहिलं म्हणणं होतं, ‘मुलगी गेम खेळत असेल.’ (ती वाणिज्य शाखेची, लॅपटॉपवर एक्सेल सोडून फारसं काही उघडत नाही.) मग तो फोनच उचलेना. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला, तेव्हा कुठे त्याचा फोन आला. सूर एकदम मवाळ. बॅटरी आणून दिली तर पूर्ण पैसे, नाहीतर फक्त अठराशे.

निम्म्या दमाच्या बॅटरीसाठी हा माणूस हजार रुपये सोडायला तयार होता. मी अठराशे घेतले, बॅटरी ई-कचरा केंद्रात दिली आणि तिथल्या पावतीचा फोटो त्याला पाठवून दिला.