टायर बदलायचे की एलईडी लावायच्या?

बाईकसाठी बजेट एकाच कामाचं असलं की आमच्याकडची पोरं डायरेक्ट जादाच्या एलईडी लाईटी लावून येतात, दिसायला भारी ना. आता गरज नाही असं मी म्हणत नाही, कमी सीसीच्या बऱ्याच गाड्यांना हेडलाईटला ३५ वॅटचा हॅलोजन असतोय, बेळगाव-गोवा रोडला जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं धुकं पडलं की त्याच्यात पुढचं काय दिसत नाही, आणि ऊसाच्या सीझनला संकेश्वर-निपाणी साईडला मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या, ते वेगळंच.

पण आधी टायर बघा की. टायरच्या साईडला छापलेल्या डॉट (DOT) कोडच्या शेवटी कधी बनवला त्याचे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी कमी पळालीय, नक्षी शिल्लक आहे म्हणून लोक तसंच रेटतात, पण रबर कडक झालेलं असतंय आणि चोर्ला घाटात पावसात, वळणावर ओल्या पाल्यावर ब्रेक दाबला की मग कळतंय. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) असला तरी पकड रबराचीच, तीपण तळहाताएवढ्या जागेची.

लाईटीला नुसता लाईटीचा खर्च नाही बरं, रिले (बॅटरीवरून वेगळा करंट देणारा), फ्यूज, वेगळा स्विच पायजे, हेडलाईटच्या वायरलाच जोडून दिलं तर वायरिंग तापणार. वर अँगल चुकला तर समोरच्याच्या शिव्या फुकट.

रोज रात्री हायवेनं यायचं असेल आणि टायर चांगले असतील तरच लाईट लावा. नाहीतर टायर, आणि दोन्ही जुने असतील तर जोडीच बदला.